अर्थशास्त्राच्या गरजू विद्यार्थ्यांना उन्हाळी इंटर्नशिपसाठी पैसे द्यायचेत, किती आणि कसे द्यावेत?

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या तुमच्या जुन्या कॉलेजच्या इकॉनॉमिक्सच्या पोरांसाठी माजी विद्यार्थी मिळून फंड काढताय, तर प्रत्येकाला किती द्यायचे आणि बिलं घेऊन द्यायचे का आधी द्यायचे. किती ते नंतर बघू. बिलांवर मात्र मला बोलायचंच आहे, कारण १३ वर्षं झाली तरी माझं त्या बिलांवरचं भांडण संपलेलं नाही.

मी निफाड तालुक्यातली. घरची दीड एकर, त्यात उन्हाळ्यात कांदा काढणीला आई आणि मी दुसऱ्यांच्या वावरातही जायचो. २०१२ ला एमए पहिलं वर्ष संपलं आणि मुंबईच्या एका संशोधन संस्थेत आठ आठवड्यांची इंटर्नशिप लागली. पगार शून्य, सर्टिफिकेट आणि दोन वेळचा चहा. आमच्या कॉलेजात विद्यार्थी सहाय्य निधी होता (कॉलेजचं नाव घेत नाही), त्यातून माझ्यासाठी ८,००० मंजूर झाले, गॅदरिंगला स्टेजवर बोलावून गुलाबाचं फूलपण दिलं. दुसऱ्या दिवशी पैसे घ्यायला गेले तर निधीचे खजिनदार असलेले सर म्हणाले, आधी खर्च कर, बिलं आण, मग देतो.

आता ज्याच्याकडे आधी खर्च करायला आहेत तो तुमच्या निधीकडे येईलच कशाला? दादरला एक कॉट मिळत होती, ताई म्हणाल्या डिपॉझिट ६,००० आणि महिन्याचे साडेतीन हजार. वडिलांनी ऐकलं आणि गप बसून राहिले. शेवटी जेलरोडला मावशीकडे राहायचं आणि नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने अपडाउन करायचं ठरलं. सकाळी सातची गाडी, मुंबईला पोचायला पावणेअकरा, परत सव्वासहाची धरायची म्हणजे साडेपाचलाच टेबल आवरायला लागायचं, आणि घरी यायला दहा. ज्यांनी पंचवटीने अपडाउन केलंय त्यांना सांगायला नको, तिथे पासवाल्यांच्या जागा ठरलेल्या असतात, मी पहिले दोन आठवडे दाराशी पेपर टाकून बसले. मग मंत्रालयात जाणाऱ्या एका काकूंनी चौथी सीट दिली, अर्धीच.

पण काम मस्त होतं. लासलगावच्या कांद्याची आवक आणि भाव, सहा-सात वर्षांचे, झेरॉक्सवरून कॉम्प्युटरमध्ये भरायचे. एका मोठ्या सरांनी मार्च-एप्रिलचा लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकाच रकान्यात घातला होता आणि सरासरी भाव असा वेडावाकडा का उड्या मारतोय त्याचं कारण डिझेलच्या दरात शोधत होते. मी म्हटलं सर, लाल टिकत नाही, तो शेतकरी मिळेल त्या भावाला काढून टाकतो, उन्हाळ चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) ठेवतो आणि भाव बघून काढतो, दोघांची सरासरी काढून कसं चालेल. ते जरा वेळ बघत राहिले आणि मग अख्खा तक्ता परत भरायला लावला. मलाच. तरी मी त्या दिवशी पंचवटीत उभी राहून हसत आले. (हेच मी सगळ्यांना सांगते की गरजू पोरांना इंटर्नशिपला पाठवणं हे दानबिन नाही, चाळीत कांदा कसा सडतो हे बघितलेलं पोरगं त्या ऑफिसला फुकटात मिळतं.)

जुलैमध्ये बिलं घेऊन गेले. पासाचे पैसे धरले. मेनरोडवरून घेतलेले दोन ड्रेस आणि सँडल नाही धरले, कपडे हा इंटर्नशिपचा खर्च नाही म्हणे, जशी मी कांदा काढायच्या कपड्यांत फोर्टातल्या ऑफिसात जाणार होते. सायबर कॅफेवाल्याची चिठ्ठी साध्या कागदावर, पक्कं बिल आण. वडापावचं बिल कोण देतं हो? आणि मग सरांनी विचारलं, मावशीकडे राहिलीस ना, मग खर्च कसला? मावशी पैसे घेणाऱ्यातली नव्हती, पण दोन महिने फुकट जेवायला मला लाज वाटत नव्हती का, किराणा मीच भरत होते, मामाकडून १०,००० उसने घेऊन, आणि त्याचं त्यांनी पुढे दोन वर्षं प्रत्येक लग्नात ऐकवलं. ८,००० मधले २,३४० मिळाले. नोव्हेंबरात. चेकने, त्यावर माझ्या आडनावात चूक, म्हणून तो परत करून दुसरा घ्यायला लागला.

मी तेव्हा सरांना म्हटलं होतं की हे आधी दिले असते तर मी दादरला राहिले असते. ते म्हणाले, "फुकट हातात दिलं की पोरं किंमत करत नाहीत." सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते, किंमत मी रोज सात तास गाडीत बसून केली.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पैसे आधी द्या, निघायच्या पंधरा दिवस आधी, सरळ खात्यात. डिपॉझिट हाच खरा अडसर असतो, महिन्याचं भाडं कसंही निघतं. किती द्यायचे तर रिझर्व्ह बँक स्वतःच्या उन्हाळी इंटर्नना महिन्याला २०,००० देत आलीय, मुंबई-पुण्यासाठी तो आकडा डोळ्यासमोर ठेवा. नाशिकमध्येच सातपूर-अंबडच्या कंपनीत किंवा सीएकडे असेल तर ६,००० पण पुरे. आणि फंड छोटा असेल तर दहा जणांना दोन-दोन हजार वाटून फोटो काढू नका, दोघा-तिघांना पूर्ण द्या. अजून एक गोष्ट कोणी धरत नाही, ती म्हणजे बुडालेला रोज. मला तेव्हा कांदा काढणीला दीडशे रुपये रोज मिळायचा, दोन महिने घरात एक हात कमी झाला. आता पोरं उन्हाळ्यात केटरिंगला किंवा कंपनीत शिफ्टला जातात, तेवढं त्यात धरा नाहीतर पोरगं हो म्हणेल आणि घरचे नाही म्हणतील.

सरकारी योजना आहेत की, असं कोणी ना कोणी तुम्हाला सांगेलच. २०२४ च्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याला ५,००० ठेवले पण फुल टाइम शिकणाऱ्याला नाहीत. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० आहेत, तेही शिक्षण चालू असेल तर नाहीत. नीती आयोगाची बिनपगारी. रिझर्व्ह बँकेची चांगली आहे, रेल्वेचं भाडंपण देतात, पण एमएवाल्यांना, बीएवाल्यांना नाही, आणि राहायची सोय आपली आपण. म्हणजे तुमचा बीए दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा पोरगा पैसे देणाऱ्या सगळ्या जागांतून बाहेर. आणि आता नवीन शैक्षणिक धोरणात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) कंपल्सरी, चार क्रेडिटचे १२० तास, त्यामुळे ज्याच्याकडे पैसे नाहीत तो ओळखीच्या दुकानातून सहीशिक्का आणतो. त्याला दोष देऊ नका.

निवडताना नुसत्या उत्पन्नाच्या दाखल्यावर जाऊ नका, ८ लाखांच्या आतला दाखला अर्ध्या वर्गाकडे असतो. महाडीबीटीला (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलला) भरलेली कागदपत्रं आहेतच, तीच घ्या, परत तहसीलला पिटाळू नका, आणि समोर बसवून विचारा की सुट्टीत तू काय करतोस. पाच मिनिटांत कळतं. स्टेज नको, फूल तर अजिबात नको.

आता एक कबुलीपण देते. आम्ही तीन मैत्रिणी २०१९ पासून एकेका पोराला असे आधी पैसे देतो, दोन कोरोनाची वर्षं सोडून. एक जण १२ दिवसांत परत आला आणि पैसेही परत आले नाहीत. सरांना सांगू नका. ऑडिटसाठी ऑफर लेटर, एका पानाचं लिहून घेतलेलं आणि शेवटी दोन पानी रिपोर्ट, एवढं घ्या, ट्रस्टतर्फे देणार असाल तर तुमच्या सीएला आधी विचारा कारण ८०जी (देणगीवरची करसवलत) वगैरे मला त्यातलं कळत नाही.

आणि एप्रिलमध्ये मीटिंग घेऊ नका. रिझर्व्ह बँकेचे अर्ज १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर असतात, बाकीच्याही चांगल्या जागा मार्चपर्यंत जातात. दिवाळीच्या सुट्टीत सगळे माजी विद्यार्थी नाशिकला असतात, तेव्हाच पैसे काढून घ्या त्यांच्याकडून.