ओटीजीत चिकन भाजायला तापमान किती ठेवावं?

तुमची तक्रार अशी की 180 वर ठेवलं तर तंगड्यांना नुसतं पाणी सुटतं आणि 250 वर मसाला करपतो, पण हाडाजवळ मांस कच्चंच राहतं. हाडासकट तंगड्यांसाठी मी 200 अंश सांगेन. ओव्हन आधी दहा-पंधरा मिनिटं तापवून घ्या, दोन्ही रॉड चालू ठेवा, जाळी मधल्या खणात लावा. 40 ते 45 मिनिटं लागतात, मध्ये एकदा उलटायचं. शेवटची चार-पाच मिनिटं फक्त वरचा रॉड ठेवून 230 केलंत की कडा छान काळसर होतात. तंगड्यांना हाडापर्यंत खोल चिरा मात्र हव्यातच. आणि चिकन फ्रीझरमधलं असेल तर आदल्या रात्रीच खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा.

पाणी सुटण्यात दह्याचाही हात असतो. दही फडक्यात टांगून चक्का करून घ्या. तुकडे ट्रेमध्ये दाटीवाटीने लावू नका, नाहीतर चिकन आपल्याच पाण्यात शिजतं, भाजलं जात नाही. जाळीवर सुटे ठेवा, खाली ट्रे.

बोनलेस ब्रेस्टला 200 वर साधारण 20 मिनिटं पुरतात. त्यात चरबी कमी, त्यामुळे जरा जास्त वेळ राहिलं की कोरडं पडतं.

तरीही माझा आग्रह एकच: मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. ओटीजीच्या बटणावर 200 असलं तरी आत 180 असू शकतं किंवा 220, त्यामुळे दुसऱ्याची मिनिटं तुमच्या ओव्हनला तंतोतंत लागू पडत नाहीत. टोक सगळ्यात जाड भागात खुपसा, हाडाला टेकू देऊ नका. आत 74 अंश झाले की चिकन खायला सुरक्षित. अमेरिकेचं कृषी खातंही हाच आकडा सांगतं. ब्रेस्ट तिथेच बाहेर काढा. तंगडी मात्र 80-85 पर्यंत जाऊ द्या. तिच्यातलं कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवटपणा देणारं प्रथिन, विरघळायला तेवढी उष्णता लागते. 74 वर ती शिजलेली असते, पण चिवट लागते.

हाडाजवळच्या लालसर रंगावरून कच्चं ठरवू नका. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, तिच्या हाडातला मगज पाझरून आजूबाजूचं मांस पूर्ण शिजल्यावरही लाल दिसू शकतं. थर्मामीटर 80 दाखवत असेल तर बिनधास्त वाढा.