वटवट्या म्हणजे नेमका कोणता पक्षी?

विचारलंय की वटवट्या हे एकाच पक्ष्याचं नाव आहे का सगळ्या गटाचं, आणि शिंपी, माशीमार हेपण त्यातच येतात का.

नाव गटाचं आहे. इंग्रजीत ज्यांना वॉर्बलर नाहीतर प्रिनिया म्हणतात ते बारके, किडे-अळ्या खाणारे, झुडपात दिवसभर आवाज करत फिरणारे पक्षी आपण सगळे वटवट्यातच धरतो, म्हणून पुढं राखी, साधा, रान असं काहीतरी लावल्याशिवाय कुठला ते कळतच नाही. बडबड करतो तो बडबड्या तसा वटवट करतो तो वटवट्या. अनेकवचन वाटाड्या-वाटाडे तसंच, दोन वटवटे. "दोन वटवट्या" आजकाल बरेच जण लिहितात, मला ते खटकतंच.

सोलापुरात बघायचा तर राखी वटवट्या बघा. हिप्परग्याच्या तलावाकडं किंवा नान्नजच्या वाटेवर बांधावरच्या झुडपात सापडतो. चिमणीपेक्षा लहान, वरून राखाडी, पोटाला फिकट तांबूस, शेपूट सारखी वर उभारलेली, आणि उडाला की टिचकी वाजवल्यासारखा टक् टक् आवाज येतो. घरटं कित्येकदा पानं शिवून करतो.

आता गंमत बघा, पानं शिवणारा म्हणून नाव मिळालं शिंप्याला, आणि हे दोघं खरंच एकाच कुळातले आहेत, सिस्टिकोलिडी. हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन आपल्या बाभळी-लिंबावर उतरणारे हिरवट वटवटे मात्र वेगळ्या कुळातले. आधी हे सगळे सिल्व्हिइडी या एकाच मोठ्या कुळात होते, डीएनए तपासायला लागल्यावर त्याची फोड झाली. म्हणजे शिंपी राखी वटवट्याच्या जास्त जवळचा, पण वटवट्या नाव त्या पाहुण्यांना. आवाजावरून ठेवलेल्या नावात नातं शोधायला गेलं की असं होतंच, आणि त्यात नावाची काही चूक नाही, ज्यानं ठेवलं त्यानं झुडपाबाहेर उभं राहून कानानं ऐकून ठेवलंय.

माशीमार यात नाही. वटवट्या पानापानातून फिरून टोकदार चोचीनं अळ्या वेचतो, माशीमार एका काटकीवर बसून राहतो, माशी दिसली की झेप घेऊन हवेतच धरतो आणि बहुतेकदा परत त्याच काटकीवर येतो. त्याची चोच बुडाशी रुंद असते. आपला दयाळ आणि माळावरचा चीरक हे त्याच्या कुळातले.