फ्रीबीएसडी टाकण्याआधी वायफाय बघ

जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर फ्रीबीएसडी (लिनक्ससारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं म्हणतोस, तर उत्तम. फ्रीबीएसडीला कोऱ्या लॅपटॉपपेक्षा ४-५ वर्षं वापरलेलाच जास्त मानवतो. पण आधी वायफायची चिप कुठली ते बघ. इंटेलची असेल तर बहुधा निभावतं, ब्रॉडकॉमची असेल तर डोकेदुखी. पेनड्राइव्हवरून घोस्टबीएसडी (फ्रीबीएसडीवरच बेतलेली सिस्टिम) लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालव, डिस्कला हात न लावता अंदाज येतो.

वायफाय नाहीच चाललं, तर लगेच पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, वायफायचं यूएसबी डोंगल घ्यायला धावू नकोस. दुकानदार ‘सगळ्यावर चालतं’ म्हणतो ते विंडोज धरून! अँड्रॉइड फोन यूएसबीने जोड, यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू कर, ‘इफ-यूआरएनडीआयएस’ (if_urndis) हे ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड कर. ‘यूई०’ (ue0) नावाचं नेटवर्क कार्ड दिसेल, त्यावर डीएचक्लायंट (dhclient, नेटवर्कचा पत्ता मिळवणारी कमांड) चालव. झालं, नेट आलं.

इन्स्टॉल करताना फाइलसिस्टिम झेडएफएसच निवड. मग प्रत्येक अपग्रेडआधी ‘बीईसीटीएल क्रिएट’ (bectl create) कमांडने बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टिमची त्या क्षणाची बूट होणारी प्रत, करून ठेवायचं. काही बिघडलं तर सुरुवातीच्या मेनूतून जुनं निवडायचं, की सिस्टिम होती तशी. या एका सोयीसाठी मी बाकीची कटकट खपवून घेतो. बॅकअपला मात्र हा पर्याय नाही. फोटो-कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर हवीतच.

स्लीपचं काय, ते प्रत्येक मॉडेलचं नशीब. आणि अडलास तर व्हिडिओ शोधण्याआधी फ्रीबीएसडीचं अधिकृत हँडबुक उघड.