इरिडेसंट आणि धूपछाव

तुम्ही विचारलंय की पक्ष्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याच्या गळ्याला 'इरिडेसंट' म्हटलंय, डिक्शनरीत 'चमकदार' सापडलं, तर तेच ठेवू का. माझं मत विचाराल तर नको. चमकदार काय, चिंचेने घासलेलं तांब्याचं भांडंपण असतं. इरिडेसंट म्हणजे ज्याचा रंग बघायच्या कोनाबरोबर पालटतो ते, मान जरा कलती केली की हिरव्याचं जांभळं.

पावसाळ्यात पुण्यात कुठल्याही पेट्रोल पंपाबाहेर ओल्या डांबरावर तेलाचा तवंग दिसतो ना, तो वाकून बघा एकदा. गुलाबी, मग पिवळट, मग निळं असे पट्टे असतात आणि आपण पाऊलभर सरकलो की तेपण सरकतात. तवंग इतका पातळ असतो की त्याच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि तुम्ही कुठून बघताय त्यावर कुठला रंग उठेल ते ठरतं. मोराच्या पिसात तर निळा रंग मुळात नसतोच, असतं ते मेलॅनिन नावाचं काळपट रंगद्रव्य, निळाई सगळी पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेतून येते.

शब्द आलाय ग्रीक आयरिसवरून, ती इंद्रधनुष्याची देवता. डोळ्यातलं आयरिस तिच्याच नावाचं, आणि इरिडियम धातूसुद्धा, १८०३ साली स्मिथसन टेनंटने ते नाव दिलं कारण त्या धातूचे क्षार रंगीबेरंगी असतात.

दोन्ही शब्दांची शेपटी एकसारखी असल्यामुळे लोक याची इनकँडेसंटशी गल्लत करतात. पण इनकँडेसंट म्हणजे तो जुना पिवळा बल्ब, तापून उजळणारा. इरिडेसंट वस्तूला स्वतःचा उजेड नसतो, अंधारात शिंजीर आणि कावळा सारखेच.

आता मराठीत काय? 'इंद्रधनुषी' मला पटत नाही, त्याने सातही रंग एकदम डोळ्यापुढे येतात. आपल्याकडे साड्यांच्या दुकानात मात्र फार सुंदर शब्द आहे, धूपछाव. लक्ष्मी रोडला दुकानदार पदर हातावर घेऊन हलवतो आणि म्हणतो, बघा ताई, असा धरला की हिरवा, असा धरला की राणी. तिथे कारण वेगळं आहे, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, पण डोळ्याला जे दिसतं ते अगदी हेच. कापड, शंख, काच यांना मी बिनधास्त धूपछावी म्हणेन. पक्ष्याला तो शब्द थोडा साडीचा वास देतो, तिथे मला 'झाक मारणे' जास्त आवडतं, कबुतराची मान हिरवी झाक मारते असं आपण बोलतोच की.

आणि विशेषणाच्या जागी विशेषणच हवं असा हट्ट कशाला? जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात सावलीत नुसता काळा दिसतो, जास्वंदीवर उन्हात येऊन बसला की मगच खरा दिसतो. म्हणून तुमच्या वाक्यात 'सावलीत काळाच वाटणारा त्याचा गळा उन्हात निळी-जांभळी झाक मारतो' असं करून बघा.