युकुलेलेच्या तारा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कॉन्सर्ट (मध्यम आकाराच्या) युकुलेलेवरच्या नायलॉनच्या तारा काढून फ्लुओरोकार्बनच्या चढवल्या. आवाज उजळला, पण तारा फारच बारीक वाटतात. चुकीचा संच आला का?

उत्तर : नाही, संच बरोबर आहे. फ्लुओरोकार्बनची घनता नायलॉनच्या सुमारे दीडपट असते. त्यामुळे तेवढ्याच ताणावर तोच सूर हवा असेल, तर १ मिमी नायलॉनच्या जागी साधारण ०.८ मिमीची तार पुरते. सगळ्यात जास्त फायदा सी सुराच्या तारेला होतो. नायलॉनची सी तार जाड आणि ताठ असल्याने बोथट वाजते आणि वरच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबली की सूर चढतो. तुमच्या वाद्यावर काय होतंय ते तपासता येतं. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून छेडा, मग तिथेच दाबून छेडा. दोन्ही सूर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. उजळपणा कानाला टोचत असेल तर नायलगट ही दुसऱ्या प्रकारची कृत्रिम तार वापरून बघा. त्याची घनता या दोघांच्या मधली आहे.

प्रश्न : नव्या तारा चढवून दोन दिवस झाले, तरी दर पाच मिनिटांनी सूर उतरतो. गाठ सुटते आहे का?

उत्तर : चारही तारा सारख्याच उतरत असतील तर त्या अजून ताणल्या जात आहेत. नायलॉनला स्थिरावायला कित्येक दिवस लागतात, फ्लुओरोकार्बन बहुधा लवकर बसतं. प्रत्येक तार मधोमध धरून सेंटिमीटरभर हलकेच उचला, पुन्हा सुरात आणा, असं काही वेळा करा. घाईने सूर मुद्दाम चढवून ठेवू नका. एकच तार उतरत असेल, तर मात्र ब्रिजकडे, म्हणजे वाद्याच्या पोटावर तारा बांधतात त्या पट्टीकडे बघा. शेपटीचा शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबला गेला पाहिजे. तो वरच राहिला तर तार सरकत राहते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत. आणि हे सगळं स्थिरावेपर्यंत संच चांगला की वाईट हे ठरवू नका, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : माझं सोप्रानो (सगळ्यात लहान नेहमीच्या आकाराचं) युकुलेले आहे. लो जी (नेहमीच्या जीपेक्षा एक सप्तक खालची तार) लावू का?

उत्तर : लावता येईल, पण आमची पसंती टेनरला, म्हणजे कॉन्सर्टपेक्षा मोठ्या युकुलेलेला. कंपणारी लांबी सोप्रानोवर साधारण ३५ सेंमी, टेनरवर ४३. तीच तार त्याच सुरात लावली तर सोप्रानोवर ताण टेनरच्या दोन-तृतीयांशच राहतो, म्हणून ती लुळी पडते आणि जोरात छेडली की फ्रेटवर झणझणते.

दुसरी अडचण नटची, म्हणजे दांड्याच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीची. तिथली खाच बारीक, वरच्या जीसाठी कापलेली असते. धातूचा वेढा नसलेली लो जी साधारण ०.९ मिमी जाड असते. ती खाचेत न बसता वर तरंगते आणि पहिल्याच फ्रेटवर सूर चढा येतो. खाच फक्त रुंद करा, खोल करू नका. रुंद खाचेत पुढे पुन्हा बारीक तार लावली तर ती खडखडू शकते, म्हणून कानस उचलण्याआधी धातूचा वेढा असलेली तार लावून पाहा. ती बारीक असते, कधीकधी आहे त्याच खाचेत बसते. बोट सरकवताना तिचा करकर आवाज मात्र येतो. गिटारच्या पोलादी तारा कधीही लावू नका. त्यांच्या ताणाने ब्रिज उखडू शकतो.