“आई पडली तर?”

“सगळं पटतंय हो, पण आई पडली तर?” आईंना स्वतःचं स्वतः उठू-चालू द्या, असं मी सुचवल्यावर पहिल्या भेटीत मुलाने हे तीनदा तरी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई ७८ वर्षांच्या. वर्षभरात विसरणं वाढलेलं. बी१२, थायरॉइड, कान, सगळं तपासून झालं होतं. घरच्यांनी काळजीपोटी एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतलं: आधी जिना, मग एकटीने फिरणं, शेवटी पाणी घ्यायला उठणंही.

मी आईंना खिडकीपाशी यायला सांगितलं. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धवट उठल्या आणि परत बसल्या. मुलगा आधाराला धावला. मी त्याला हातानेच थांबवलं. आई कडेपर्यंत पुढे सरकल्या, पाय मागे ओढले, कंबरेतून वाकल्या आणि उभ्या राहिल्या. यातलं काहीही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी कोण येऊन गेलं ते आठवत नसेल, पण उठायचं कसं ते अंगात होतं. कमी पडत होती ती मांड्यांची ताकद.

मी मुलाला म्हटलं, “तुमची भीती खोटी नाही. पण बसवून ठेवल्याने पडणं टळत नाही, उलट पाय आणखी दुबळे होतात.” नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, सैल झालेली पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल, या पाचांपैकी तीन गोष्टी दिसल्या तर डॉक्टर त्याला वार्धक्यातला दुबळेपणा म्हणतात. आईंमध्ये तीन होत्या. हा दुबळेपणा बऱ्याचदा मागे हटवता येतो, हे घरच्यांना कुणी सांगतच नाही.

विसरणं थांबेल का, हाही प्रश्न आलाच. इथे मी खोटी आशा देत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांकडून चार महिने जोमाचा व्यायाम करून घेतला. अंगातला दम वाढला, पण विसरणं मंदावलं नाही. तरी स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत जाता येणं ही लहान गोष्ट नाही.

डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. (उठताना चक्कर, छातीत दुखणं, नुकतंच पडणं किंवा अचानक वाढलेला गोंधळ असेल, तर आधी डॉक्टरच.) पाचदा उठ-बस करायला त्यांना २२ सेकंद लागले, १५ च्या वर गेलं की पायांची ताकद कमी असल्याची शंका घेतात. ६५ नंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग भिंतीला टेकवलेली खुर्ची, उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं, एवढंच ठरलं.

मुलाकडून मी एकच गोष्ट मागितली. “आई, व्यायाम केलास का?” हे विचारायचं नाही. आपल्याला तो साधा प्रश्न वाटतो, त्यांच्यासाठी ती स्मरणशक्तीची परीक्षा असते. नापास व्हायच्या भीतीने त्या “हो” म्हणतात किंवा चिडतात. त्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी, संध्याकाळची मालिका लागण्याआधी, शेजारी खुर्ची ओढून आपणच सुरू करायचं. आणि त्या चालत असताना मधेच काही विचारायचं नाही. बोलण्यासाठी त्यांना थांबावं लागत होतं, एकाच वेळी दोन्ही झेपत नव्हतं.

तीन महिन्यांनी दोघं परत आले. आईंना माझं नाव आठवलं नाही. निघताना त्या खुर्चीत पुढे सरकल्या, पाय मागे घेतले आणि हात मांडीवर ठेवूनच उठल्या. मुलगा जागचा हलला नाही.