दुचाकीची चाके : खारे पाणी, तांबडी माती आणि हळदीचे डाग

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गाड्यांच्या तक्रारी वाढतात. या वेळी त्यांतली चार पत्रे केवळ दुचाकीच्या चाकांविषयीच आहेत आणि चारही पत्रलेखक गोव्याच्या निरनिराळ्या भागांतले असल्यामुळे प्रत्येकाच्या चाकाला लागलेली घाणही वेगळी आहे. म्हणून चौघांना एकच ठोकळेबाज उत्तर न देता प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे घेतला आहे.

प्रश्न : मी रोज चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला उतरून पणजीला कामाला जातो. माझ्या गाडीची चाके आऱ्यांची असून रिम ॲल्युमिनियमची आहे. दोनच वर्षांत आऱ्यांवर तांबूस ठिपके पडले आणि आरे रिममध्ये शिरतात त्या जागी पांढरी भुकटी धरू लागली. दर रविवारी साबणाने चाके घासतो, तरी उपयोग होत नाही. कोणते औषध लावावे? (एक वाचक, चोडण)

उत्तर : आपल्या पत्रातला ‘दर रविवारी’ हा शब्दच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. रायबंदरपाशी मांडवी भरती-ओहोटीची नदी आहे आणि तिचे पाणी खारे असते. धक्क्याच्या उतारावर साचलेल्या त्या पाण्यातून गाडी चढता-उतरताना चाकांवर सोमवारी उडालेले मीठ रविवारपर्यंत तिथेच राहते. घरात पावसाळ्यात बरणीतले मीठ पाणी सुटून ओले होते, हे आपण पाहतोच. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून घेऊन विरघळू लागते आणि गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता त्याहून खाली क्वचितच येते. त्यामुळे गाडी छपराखाली कोरडी उभी आहे असे आपल्याला वाटत असले, तरी आऱ्यांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर रात्रभर टिकून असतो. शिवाय आपले आरे पोलादाचे आणि रिम ॲल्युमिनियमची आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असून मध्ये खारे पाणी असले, की बॅटरीत घडते तशीच क्रिया तिथे सुरू होते आणि त्यांपैकी ॲल्युमिनियम झिजू लागते. आपल्याला दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे ते झिजलेले ॲल्युमिनियमच होय.

यावर औषध विकत आणण्याची गरज नाही. मीठ साध्या थंड पाण्यात सहज विरघळते, म्हणून संध्याकाळी घरी पोचल्यावर, चाके निवली की प्रत्येक चाकावर अर्धी-पाऊण बादली गोडे पाणी मगाने वरून खाली सोडावे आणि रिमच्या आतल्या बाजूला, आऱ्यांच्या मुळाशी पाणी पोचेल असे पाहावे. साबण नको, घासणेही नको. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि रविवारच्या तासाभराच्या घासण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. एक गोष्ट मात्र पाहून घ्यावी. नदीकाठच्या आणि किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. आपल्या विहिरीचे पाणी जिभेला खारट लागत असेल, तर चाकांसाठी नळाचे पाणी वापरावे. पावसाळ्यात पागोळ्यांखाली ठेवलेल्या बादलीतले पाणी तर याहूनही चांगले.

आता आधीच पडलेल्या ठिपक्यांविषयी. आऱ्यांवरचे तांबूस ठिपके काढण्यासाठी भांडी घासायची तारेची घासणी वापरू नये, कारण ती आऱ्यांवरच्या क्रोमच्या मुलाम्यावर ओरखडे काढते आणि तिचे बारीक लोखंडी तुकडे खाचांत अडकून स्वतःच गंजू लागतात. त्याऐवजी डबा बांधायला वापरतात तो ॲल्युमिनियमचा चंदेरी कागद चुरगळून पाण्यात बुडवावा आणि त्याने हलक्या हाताने घासावे. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे मुलाम्याला ओरखडा जात नाही आणि वरवरचा गंज मात्र निघून येतो. जिथे नखाला खड्डा लागतो तिथला मुलामा गेलेलाच आहे. तिथे गंज काढला तरी तो पुन्हा येणार, म्हणून ती जागा पूर्ण कोरडी करून तिच्यावर गाडीचे मेण चोळून ठेवावे. रिमवरची पांढरी भुकटी जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात सोडवावी, ब्रश मात्र नरमच असावा.

आऱ्यांच्या चाकात साधारणतः 36 आरे असतात आणि ते एकेक करून बोटांनी पुसणे हे माणसाला कंटाळा आणणारे काम आहे, हे मान्य. त्याला एक सोपी युक्ती आहे. जुन्या सुती साडीची हातभर लांब पट्टी फाडून ती ओली करावी, आऱ्याभोवती एक वेढा द्यावा आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी दोन्ही टोके आळीपाळीने ओढत पट्टी हबकडून, म्हणजे चाकाच्या मध्यापासून, रिमकडे न्यावी. आरा चारही बाजूंनी पुसला जातो आणि दोन आरे एकमेकांवरून जातात त्या फटीतली माती, जिथे बोट शिरत नाही, तीही निघते. हे करताना एखादा आरा सैल वाजतो आहे असे जाणवले, तर तो स्वतः पिळू नये, कारण एक आरा ओढला की रिम वाकडी होऊ लागते. गाडी मेकॅनिककडे न्यावी.

प्रश्न : माझ्या गाडीची काळी ॲलॉय चाके आहेत. मी फोंड्याहून उसगावमार्गे डिचोलीला नोकरीला जाते. पुढच्या चाकावर तपकिरी-काळा थर बसला असून तो शाम्पूने जात नाही. बाथरूमच्या फरशा धुण्याचे ॲसिड पातळ करून वापरावे, असे शेजारी सांगतात. वापरू का? (एक वाचिका, फोंडा)

उत्तर : वापरू नये, आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी एका वॉशिंग सेंटरवाल्याने हाच सल्ला मला दिला होता आणि मी तो मोठ्या विश्वासाने मानला. चाकावर ॲसिड पडताच थोडा फेस आला, काळपट थर खरोखरच वितळल्यासारखा निघाला आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच जागी रंगाखाली बारीक फोड दिसू लागले, नखाने टोकरले तर पापडासारखे पोपडे निघाले आणि त्यांखाली ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी आल्यासारखे झाले होते. शेवटी चाक पूर्ण खरवडून पुन्हा रंगवून घ्यावे लागले. फरशीच्या ॲसिडात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते रंगातल्या बारीक भेगांतून आत शिरते, धातू खाते आणि आपण वरून कितीही पाणी ओतले तरी भेगांतले ॲसिड सगळे निघत नाही. तुंबलेली मोरी मोकळी करण्याची कॉस्टिक सोड्याची पूडही चाकांपासून दूरच ठेवावी, कारण आम्ल आणि अल्कली हे दोन्ही ॲल्युमिनियमचे शत्रूच आहेत.

आपल्या चाकावर दोन थर आहेत आणि ते वेगवेगळ्या उपायांनी जातात. वरचा थर रस्त्यावरच्या तांबड्या मातीचा आणि खनिजाच्या धुळीचा आहे. खनिजाचे कण चाकाच्या रंगाहून आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमहून कठीण असतात, म्हणून सकाळी निघताना कोरड्या फडक्याने चाक ‘जरा पुसून घ्यायची’ सवय असेल तर ती आधी सोडावी, कारण त्या फडक्याचा सँडपेपर झालेला असतो. आधी पुष्कळ पाणी सोडून माती भिजवावी, दहा मिनिटे थांबावे, पुन्हा पाणी सोडावे आणि मगच शाम्पूच्या फेसाने मऊ स्पंज फिरवावा. दोन बादल्या ठेवाव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत नुसते पाणी. स्पंज प्रत्येक वेळी आधी दुसऱ्या बादलीत पिळून मगच पहिलीत बुडवावा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी साचलेला लाल गाळ पाहिला, की ही बादली कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही.

खालचा थर ब्रेकचा आहे. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असतो आणि ब्रेक दाबताना पॅड व डिस्क झिजून निघालेले लोखंडाचे गरम कण राळेसह रिमवर जाऊन चिकटतात. हे कण रंगात रुतून बसतात, म्हणून ते शाम्पूने निघत नाहीत. त्यांच्यासाठी चाके धुण्याचे आम्लरहित द्रावण मिळते, ते लोखंडाशी संयोग पावून जांभळे होते आणि त्या वेळी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. त्या वासाला घाबरू नये, परंतु चाक गार असताना, सावलीत आणि डबीवर लिहिलेल्या वेळेपुरतेच ते ठेवून लगेच भरपूर पाण्याने धुवावे. रिमवर ते वाळू देऊ नये. वर्षातून दोनतीनदा एवढे पुरे. आपली चाके चकचकीत काळी नसून मंद काळी असतील, तर त्यांना पॉलिश किंवा मेण लावू नये, कारण लावलेल्या जागी चमकदार चट्टे उठून दिसतात.

धुऊन झाल्यावर डिस्कवर फिकट नारिंगी झाक दिसली, तर तो बहुधा रात्रभरात धरलेला वरवरचा गंज असतो आणि पहिल्या काही ब्रेकांत तो पुसला जातो. मेण, तेल किंवा टायर चमकवण्याचे द्रावण मात्र डिस्कला चुकूनही लागता कामा नये. निघताना आधी सावकाश चालवत दोनचारदा ब्रेक दाबून तो कोरडा झाल्याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : मी म्हापशाला मोटारसायकल पायलट आहे, म्हणजे गाडीवरून भाड्याने प्रवासी नेतो. दिवसभर गाडी फिरते, चेनचे तेल मागच्या रिमवर उडते आणि उन्हाळ्यात डांबराचे ठिपकेही बसतात. वॉशिंग सेंटरला रोज जाणे परवडत नाही. घरच्या घरी, कमी खर्चात काय करावे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आपल्यासारख्या पायलटांच्या पिवळ्या मडगार्डाच्या गाड्या दिवसभर भाड्याने फिरत असतात, त्यामुळे चाक नीटनेटके दिसणे हा आपल्या धंद्याचाही भाग आहे. चेनच्या तेलासाठी फडक्याला थोडे रॉकेल लावून रिम पुसावी. रॉकेल हाताशी नसेल तर डिझेल चालते, फक्त त्यानंतर शाम्पूने एकदा धुवावे लागते. पेट्रोल वापरू नये, ते चेनच्या रबरी रिंगा खराब करते आणि आगीचा धोका तर वेगळाच. टायरला आणि डिस्कला रॉकेल लागू देऊ नये, तसेच हे काम विहिरीच्या काठावर किंवा तुळशीवृंदावनाजवळ न करता फडके जुन्या कागदावर ठेवून करावे. तेल इतके उडते याचा अर्थ बहुधा चेनला गरजेपेक्षा जास्त तेल लावले जाते. लावल्यानंतर अर्ध्या तासाने चेन कोरड्या फडक्याने पुसून घेतली, तर रिमवरची निम्मी घाण मुळातच होणार नाही.

डांबरासाठी खोबरेल तेल हा आपल्याकडचा उत्तम उपाय आहे. ठिपक्यावर तेलाचे बोट लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, डांबर मऊ होते आणि फडक्याने पुसले जाते. चाकूने किंवा नाण्याने खरवडू नये. माडाच्या सोडणाचा काथ्या टायरच्या बाजू घासायला चांगला, रंगीत रिमसाठी मात्र तो खरखरीत पडतो.

एक सूचना सर्वांत महत्त्वाची. गाडी सेंटर स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडका लावणारे मी अनेकदा पाहिले आहेत. फडका चेन आणि चक्राच्या मध्ये ओढला गेला, की त्याच्याबरोबर बोटेही जातात. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने फिरवून, याखेरीज दुसरी पद्धत नाही. पाण्याचा जोराचा फवारा मिळत असेल, तर तो चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबवर आणि बेअरिंगच्या सीलवर सरळ मारू नये, कारण सीलमधून पाणी आत गेले की ग्रीस धुऊन जाते आणि काही महिन्यांनी चाक घरघरू लागते.

प्रश्न : दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर चाकांना लावलेले हळद-कुंकू साबणाने धुवायला गेलो तर हळदीचा डाग उलट लालभडक झाला. रंग कायमचा बिघडला का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : नाही. हळदीतला पिवळा रंग साबणासारख्या अल्कलीत लाल होतो, त्यामुळे डाग वाढला असे भासते. भरपूर साधे पाणी सोडल्यावर तो पुन्हा पिवळा होतो, आणि उरलेला पिवळेपणा उन्हात उडून जातो. गाडी दोनचार दिवस उन्हात फिरली की पुरे. चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा रस मात्र आम्लधर्मी असतो आणि तो रिमच्या कडेवर व वॉल्व्हपाशी वाळून बसतो, म्हणून पूजेनंतर गाडीला पहिली फेरी मारून आणली की दोन तांबे पाणी तेवढ्या जागी सोडावे.